तीनदा पडलेला गडगा

गडगा तिसऱ्यांदा त्याच जागी पडला.

पनवेलजवळ, कर्नाळ्याच्या पायथ्याशी एका फार्महाऊसच्या लँडस्केपिंगचं काम मी करत होते. बागेच्या कडेने कमरेएवढा गडगा घालायचा होता. गडगा म्हणजे सिमेंट न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेली भिंत. फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकल्या की वजनानेच सगळं घट्ट बसतं. रचणारे हिराकाका शेजारच्याच गावचे. आयुष्यभर त्यांनी हेच केलेलं.

तिन्ही वेळा गडगा भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत पडला. आम्ही वीस पावलांवर बसलेलो, तरी कुणाला आवाज आला नाही. जाऊन बघावं तर दगड खाली बसलेले, सगळे बागेकडे कलंडलेले. वारा नाही, गुरं नाहीत. बाकीचे मजूर त्या बाजूला जाईनासे झाले.

क्लायंटचा फोन आला. रविवारी पाहुणे येणार, तिथेच टेबलं मांडायची होती. खाली काँक्रीट ओता आणि विषय संपवा, म्हणाले. मी हो म्हटलं.

हिराकाका मात्र पडलेल्या दगडांपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मला दगडांमधल्या एका फटीवर हात धरायला सांगितला. आतून थंडगार हवा येत होती, तिला साचलेल्या पाण्याचा वास. उन्हातही अंगावर काटा आला.

"ताई, माझ्या हाताची चूक नाय ही," ते हळूच म्हणाले. "खाली काय तरी हाय. सिमेंट नका ओतू."

मी काँक्रीट थांबवलं, दगड हलवायला लावले. काकांच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक आंब्याला बांधलं. त्यांनी पहार मारली. दुसऱ्याच घावाला ती हातातून सुटून जमिनीत गेली. मग खूप खालून पाण्याचा आवाज आला.

जुनी विहीर होती. लाकडं टाकून वर माती ओढलेली, लाकडं कुजलेली. टॉर्च मारला. विहिरीची आतली भिंतही गडग्यासारखीच, चुन्याशिवाय रचलेली. काकांनी वाकून फटींतल्या चिपा न्याहाळल्या.

"अशी उलटी चिप फक्त माझा बाप मारायचा," ते म्हणाले. "तो इथं कवा आला, मला म्हाईत नाय."

मी क्लायंटला फोटो पाठवले. संध्याकाळी पाहुण्यांचा कार्यक्रम पुढे ढकलल्याचा मेसेज आला. विहिरीला कठडा आणि जाळी केली, गडगा तिला वळसा घालून नेला. तो अजून उभा आहे. आवाज का आला नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

काँक्रीटवर ती भिंत काही महिने छान उभी राहिली असती. मग माणसांसकट खाली गेली असती. लवकर पडते ती भिंत बरी.