क्लच नसलेली गाडी

रविवारी सकाळी आमच्याकडे आधी गाडीची आंघोळ व्हायची, मग देवांची. नवरा लुंगी वर खोचून, मऊ फडक्याने बॉनेट इतक्या मायेने पुसायचा की तसा हात माझ्या पाठीवरून कधी फिरल्याचं मला आठवत नाही. मग ती गाडी नरपडच्या आमच्या वाडीतून घरघराट करत निघायची. सायलेन्सर मुद्दाम बदलून घेतलेला, त्यामुळे साहेब निघाले हे अख्ख्या गावाला कळायचं. तलासरीजवळ हायवेवरच्या एका धाब्यावर अशा सात-आठ गाड्या आणि त्यांचे मालक जमत. कुणी डहाणू रोडचा दुकानदार, कुणी उंबरगावचा कारखानदार, बाकीचे आमच्यासारखे चिकूवाले. चहाचे ग्लास हातात धरून एकमेकांच्या बॉनेटमध्ये वाकून बघायचं, इंजिन नुसतंच रेस करायचं आणि माना डोलवायच्या, हा त्यांचा कार्यक्रम. जेवायच्या वेळेला घरी येत.

नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गाडी डाव्या पायाला कळते." म्हणजे क्लच. गिअर बदलताना डावा पाय कसा आपोआप पडला पाहिजे, विचार करून नाही, यावर तो तासभर बोलू शकत असे. मला शिकवा म्हणून मी हट्ट धरला तेव्हा समुद्राकडच्या रस्त्यावर त्याने मला तीन दिवस नेलं. तीन दिवस एकच ओरडा, "क्लच! अगं क्लच! जाळलास!" चौथ्या दिवशी चावी खिशात घालून म्हणाला, "तुझ्या पायातच नाही ते." त्याला साधा कुकर लावता येत नव्हता, पण तुमच्या हातातच नाही ते, असं मी कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हणायला हवं होतं.

दोन हजार सोळा साली मी परीक्षा देऊन अंगणवाडीची मुख्यसेविका झाले. चाळिशी उलटलेली, दिवसा चिकू निवडायचे आणि पहाटे अभ्यास करायचा, असं करून मिळवलेली ती जागा. तलासरी तालुक्यातल्या पंचवीस अंगणवाड्या माझ्या बीटात आल्या, सगळ्या पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या. प्रत्येक ठिकाणी जाऊन मुलांची वजनं, आहार, रजिस्टरं बघायची. टमटम भरेपर्यंत फाट्यावर बसून राहायचं आणि उतरल्यावर पुढे दोन-तीन किलोमीटर चालायचं, यात दिवसाला एक अंगणवाडी झाली तरी खूप. आमच्या अधिकारीबाईंनी दोनदा बजावलं, "भेटी पुऱ्या होत नसतील तर बीट दुसरीला द्यावं लागेल. तुम्ही ऑफिसात बसा." मला ऑफिसात बसायचं नव्हतं. मला ती मुलं बघायची होती आणि ते काम मला येत होतं.

मग मी नवऱ्याला न विचारता डहाणू रोडच्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊन लायसन्स काढलं. वापीच्या एक डॉक्टरीणबाई मुलाकडे परदेशी चालल्या होत्या, त्यांची बॅटरीवर चालणारी छोटी गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही, दोनच पेडल. रात्री ओटीवरच्या मोठ्या प्लगला लावून ठेवली की दुसऱ्या दिवशीची फिरती आरामात निघायची.

पुढच्या रविवारी धाबा सोडून सगळी मंडळी आमच्या अंगणात. बॉनेट उघडलं तर आत बघायला काही नाही, काच धुवायच्या पाण्याची बाटली आणि दोन डबे. सात बाप्ये त्या बाटलीकडे बघत उभे. एकाने चक्क आडवं पडून खाली सायलेन्सर शोधला. "आ तो रमकडुं छे!" उंबरगाववाला म्हणाला. खेळणं आहे, म्हणजे. दुसऱ्याने विचारलं, "वहिनी, हिच्यात चटणीपण वाटता येते का?" सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने आमचे हे. पावसात शॉक बसेल, चढावर माघारी येईल, आणि मुख्य म्हणजे आवाज नाही, मुकी गाडी ती काय गाडी. मी म्हटलं, मुकी आहे तेच बरं आहे, या घरात बोलणारे पुष्कळ आहेत. त्यावर कुणी हसलं नाही.

विवळवेढ्याला महालक्ष्मीसमोर गाडीची पूजा करायची ठरली, तेव्हा नवऱ्याने नवीनच शास्त्र काढलं. लिंबांवरून गाडी पहिल्यांदा घरच्या पुरुषाने काढायची असते म्हणे. वर सगळ्या टोळीला आमंत्रण.

हार झाला, नारळ झाला, चाकांपुढे लिंबं ठेवली. नवरा स्टिअरिंगवर, उंबरगाववाला पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन शेजारी. नवऱ्याने चावी फिरवली. हिरवा दिवा लागला, आवाज अर्थातच नाही. त्याने पुन्हा फिरवली.

"स्टार्टच होत नाही ही!"

"झालीये," मी बाहेरून सांगितलं.

"कुठे झालीये? मग ऐकू का येत नाही?"

कुणीतरी हसलं. त्याने रागाने पाय दाबला तशी गाडी हलली. आणि हलल्याबरोबर तीस वर्षांच्या सवयीने त्याचा डावा पाय क्लचवर पडला, अगदी आपोआप, विचार न करता. तिथे होता ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली, नवऱ्याचं नाक स्टिअरिंगवर आणि पेढे पुढच्या काचेवर. लिंबं मात्र जशीच्या तशी. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी हार विकणारी बाई म्हणाली, "गाडी बाईची हाय ना? मंग बाईला बसू द्या की." तो नाक दाबत उतरला. मी बसले आणि गाडी पुढे काढली. लिंबं फुटली.

नाचता येईना अंगण वाकडं. पुढच्या रविवारी धाब्यावर त्याने सांगितलं की तिच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. टोळीतल्या सहा जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं काय झालं ते, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडीने चूक केली हे त्यांना चालत होतं, डाव्या पायाने केली हे चालत नव्हतं. आठवडाभरात ही बातमी तलासरीच्या आमच्या ऑफिसात पोहोचली ती वाढूनच, ब्रेक लागतच नाहीत म्हणून. अधिकारीबाईंनी बोलावून घेतलं. "अंगणवाडीच्या दारात मुलं खेळत असतात. असली गाडी मी तिथे जाऊ देणार नाही. सोमवारपासून बीट दुसरीकडे देते."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर ऑफिसात चला. एकच वाक्य बोला, पाय माझा चुकला."

तो त्याच्या गाडीचा आरसा पुसत होता. "तीस वर्षं गाडी चालवतोय मी. लोक काय म्हणतील?"

"माझं बीट जाईल."

"मग टेबलाचं काम काय वाईट आहे? सावलीत बसशील."

मला त्या माणसाची किळस आली. राग पुष्कळदा आला होता, किळस पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि अधिकारीबाईंना म्हटलं, "बाई, आजचा दिवस माझ्या शेजारी बसा. ब्रेक लागला नाही तर बीट खुशाल कुणालाही द्या." त्या कुरकुरत बसल्या. पहिल्या पाड्यावर आम्ही अंगणवाडीच्या अगदी दारात थांबलो तरी कुणाला पत्ता नाही. एरवी अधिकारीबाईंची जीप फाट्यावर वळली की तिचा आवाज पुढे पोचायचा आणि त्या उतरेपर्यंत सगळं जागच्या जागी असायचं. आज खिचडी खाऊन मुलं गाढ झोपलेली, वजनकाटा कपाटावर धूळ खात, आणि सेविकाबाई महिन्याभराची वजनं एका बैठकीत मनाने लिहीत बसलेल्या. अधिकारीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या पाड्यावर थोडं बरं होतं, तिसऱ्यावर वाईट. परतताना त्यांनी तिन्ही पाड्यांची नावं वहीत लिहून घेतली. मग म्हणाल्या, "बीट तुमच्याकडेच राहू द्या. आणि दर महिन्याला एक दिवस मला घेऊन चला, याच गाडीतून." ब्रेकचा विषय त्यांनी काढला नाही. आम्ही दिवसभर वजनांबद्दलच बोलत होतो.

घरी आले तर नवरा वाडीच्या फाटकाशीच उभा. दिवसभर उत्तरं जुळवून ठेवलेली असावीत असा चेहरा.

"काय काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"पायाचं सांगितलंसच असशील."

"अहो, तुमचं नावच निघालं नाही."

त्याचा चेहरा असा पडला की मीच चपापले. त्याला वाटलं, मी टोमणा मारला. टोमणा नव्हता तो. खरंच दिवसभरात मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.