वहीच्या कागदावरची हरकत
नगरपालिकेच्या भिंतीवर प्रभागांचा नवा नकाशा चिकटवत होते, त्या खळीच्या वासाने बुवापाड्यातली शेजारची मावशी आठवली. चाळीत नळ तिनेच भांडून आणला होता आणि मागे असाच नवा नकाशा लागला त्या वर्षी ती निवडणुकीला उभी राहणार होती. पण त्या नकाशातली रेघ आमच्या चाळीच्या मधून गेली नि तिची मतं दोन प्रभागांत फुटली. हरकत द्यायच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच, ती वहीच्या कागदावर सगळ्या चाळीच्या सह्या-अंगठे घेऊन आली. चाळीतला पहिला ग्रॅज्युएट मी, म्हणालो, "मावशी, असं चालत नाय. टाइप करून देऊ, वजन पडतं." उल्हासनगरला टायपिंगवाल्याकडे लाइट गेली ती दुपारभर आलीच नाही. आम्ही नगरपालिकेच्या खिडकीवर पोचलो तेव्हा मुदत संपली होती. कारकुनाने वहीचा कागद उलटून पाहिला. "भाऊ, सकाळी हाच दिला असता तरी घेतला असता." परतताना रिक्षात मावशीच म्हणाली, "जाऊ दे रे, शिकलेल्या पोराचं ऐकलं, त्यात काय चुकलं?" निवडणुकीत ती थोडक्यात पडली. यंदा हरकत मी पहिल्याच दिवशी दिली, वहीच्या कागदावर, हाताने लिहून. पहिली सही मावशीची असायला हवी होती. ती आता नाही.