लाइट वाढवा

आमचे मोठे डॉक्टर स्वतःच्या चुका चारचौघांत मोठ्याने वाचत. धंतोलीतल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दर महिन्याला एका सोमवारी कॉम्प्युटरवरून रिपोर्ट काढला जाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन कोणी केलं, भिंगामागचा पातळ पडदा कोणाच्या हातून फाटला, महिन्याभराने पेशंटला किती दिसतं. सिस्टर, चष्म्याचा नंबर काढणाऱ्या मॅडम आणि त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता तिथेच ऑपरेशनं करणारा मी, असे सगळे बसायचो. "पहिले माह्यी घाण काढा गा. तुमची मंग पाहू," ते म्हणत. मोठमोठ्या परिषदांमध्ये भाषणं केली, पण महाल या जुन्या वस्तीतल्या लहानपणचं 'मले-तुले' त्यांनी सोडलं नाही.

बरा झालेला पेशंट पाया पडून गेला तरी ते फुशारत नसत. "मानूस तोंडावर गोडच बोलते. रिपोर्टले लाज नाही, म्हणून मले तो आवडते."

सत्तरी ओलांडल्यावर ऑपरेशन करताना ते वरचेवर म्हणू लागले, "लाइट वाढवा."

"सर, फुल आहे."

"मंग बल्ब गेला असन."

नवा बल्ब आला. पुन्हा तेच. सिस्टर आधी हसायच्या. पुढे त्या नुसतंच बटणाला हात लावून "वाढवला सर" म्हणू लागल्या.

त्याच सुमारास रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढचे फाटलेले पडदे वाढले. मीटिंगआधी तो मी एकट्याने पाहिला. ज्यांनी माझा हात धरून मला ऑपरेशन शिकवलं, त्यांनी हे सगळ्यांसमोर वाचावं, हे माझ्याने पाहवलं नसतं. मी त्यांच्या बिघडलेल्या केसेस माझ्या नावावर टाकल्या. एकदाच, असं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यातही टाकल्या. रिपोर्टमध्ये पेशंटची नावं नसत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"काहून गा, तुहा हात बिघडून राहिला काय?" त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. नंतर केबिनमध्ये बोलावून पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. तुह्या कठीण केसेस मी करतो. तू जरा दम खा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी "हो सर" म्हणालो.

अशा रीतीने खापा गावच्या शेवंताबाई माझ्या यादीतून त्यांच्या यादीत गेल्या. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. टेबलावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एकच हाये बरं."

"मालूम आहे बाई."

मी दारात उभा होतो. थोड्या वेळाने मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, "लाइट वाढवा." मी तेव्हाही गप्प राहिलो.

तो डोळा वाचला नाही.

मग मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. खरा रिपोर्ट काढायला लावून कागद नाकापाशी धरून वाचला. "मले दिसत नव्हतं गा," ते म्हणाले. "म्हणूनच तर हा रिपोर्ट ठेवला होता."

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी आपल्या सगळ्या केसेस वाचल्या आणि ऑपरेशन सोडल्याचं सांगितलं. केसेसवरची डॉक्टरांची नावं कशी बदलली, असं मॅडमनी विचारलं. ते म्हणाले, "ते ज्याचं आहे त्यानं सांगावं." सगळे थांबले. मी पाण्याचा ग्लास उचलला. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही, आणि दुसराही क्वचितच.

मागच्या वर्षी ते गेले. त्यानंतर मी खाप्याला गेलो. शेवंताबाई ओसरीवर बसल्या होत्या. आवाज ओळखून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मोठे डॉक्टर गेल्याचं ऐकून पदर डोळ्यांना लावला.

"घरी आले होते. माह्या पाया पडले. म्हने, माह्ये डोये खराब झाले होते, मले समजलंच नाही. आता ज्याले समजलंच नाही, त्याच्यावर काय राग धराव?"

मग मी माझं सांगितलं. त्यांनी डोळ्यांचा पदर खाली घेतला.

"म्हंजे मी टेबलावर होती, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

त्यांनी मान आतल्या दाराकडे वळवली. "सुमन, चहा राहू दे वं. डॉक्टरले रस्त्यापर्यंत सोडून ये."