दक्षिणेच्या भिंतीवरची खिडकी

आमच्या घराची दक्षिणेची भिंत अठरा फूट लांब आणि अकरा फूट उंच आहे. तिच्यात खिडकी नाही. भिंतीपलीकडे दोन फूट जागा माझी आणि त्यापुढे चुलत भावाचं परडं. बावीस वर्षांपूर्वी घर बांधताना आम्ही दोघांनी स्टॅम्पपेपरवर लिहिलं, की त्या बाजूला खिडकी ठेवायची नाही. आज खिडकी, उद्या पागोळी, परवा वहिवाट, असं पलूसकडच्या आमच्या गावात सगळेच धरून चालतात.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो आणि सुट्टीला चित्रं रंगवतो. वर्षातून एकदा आम्ही नवराबायको एसटीने फिरून येतो. लोक देव बघतात, पॉइंट बघतात; मी खिडक्या मोजतो. "लोकं महाबळेश्वरातनं स्ट्रॉबेरी आणत्यात, आमच्या ह्यांनी बिजागरीचं माप आणलं," असं बायको पाहुण्यांना सांगते. ते खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी वाईला नदीकाठच्या एका घराची खिडकी दिसली. एक झडप उघडी, कट्ट्यावर पितळी तांब्या. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोजा की. पण विकायची नाहीये हं."

रुंदी तीन फूट दोन इंच, उंची चार फूट पाच इंच. घरी येऊन ती कागदावर तीनदा रंगवली. तिन्ही वेळा ती कागदावरचीच राहिली. मग तिच्या मूळ मापातच रंगवायची ठरवली. मोकळी भिंत एकच होती.

अकरा रविवार लागले. शिडी माझ्या दोन फुटांतच लावली. डिसेंबरात दुपारी चार वाजता भिंतीला फळी टेकवून तिची सावली आखली आणि तीच झडपेला दिली. तांब्यावरची चमक दोनदा पुसली.

चुलत भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. तीन महिने साताऱ्याला मुलीकडे होता. परत आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "दादा, कागद इसरला व्हय तुमी? भिंत फोडली?"

"जवळ येऊन बघ की."

"बघायचं काय त्यात? आंधळा न्हाई मी."

तो आला नाही. त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

पाहणीला पाच जण आले. ग्रामसेवकाने टेप उघडला आणि कट्टा मोजायला मिळावा म्हणून तांब्या बाजूला सारायला हात पुढे केला. बोटं भिंतीवर आपटली.

"भाऊसाहेब, तहान लागली व्हती व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ग्रामसेवकही हसला.

चुलत भाऊ हसला नाही. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आज चितार हाय, कबूल. पर उद्या ह्येचा फोटू निघंल. तुमी नसाल, मी नसंन. तवा तुमची पोरं फोटू दावून म्हणतील, खिडकी पहिल्यापासनं हुती. तवा फोटूला हात लावून कळंल व्हय?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं. मला ते लगेच पटलं आणि म्हणून जास्त टोचलं.

भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, "चुना मार की रं गड्या. काय जातंय तुजं?"

"न्हाईतर खाली मोठ्या अक्षरात लिवा," भाऊ म्हणाला, "हे चितार आहे म्हणून."

मी म्हणालो, "भिंतीत खिडकी न्हाई असं कागदावर लिहून देतो. पाच साक्षीदार हितंच हायत. पर भिंतीवर चुना न्हाई आन् अक्षरबी न्हाई. ती खोटी वाटू नये म्हणून अकरा रविवार घातल्यात मी. आता माझ्याच हातानं खाली खोटी म्हणून लिवू?"

"लय हट्टी हाईस," वडीलधारे म्हणाले.

"हाय."

कागद मी दुसऱ्याच दिवशी करून दिला. भावाने तो घेतला, घडी करून ठेवला आणि आठवड्याभरात आपल्या हद्दीवर चार बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधली. विचारलं तर म्हणाला, "आमची बायामाणसं परड्यात वावरत्यात. उघड्या खिडकीसमोर बरं दिसत न्हाई."

फौजेत नोकरी केलेला, भिंतीवर स्वतः हात फिरवून खात्री केलेला माणूस. त्याने नसलेल्या खिडकीला पडदा लावला. माझ्या चित्राला याहून मोठी दाद कुणी दिलेली नाही, आणि ती देणाऱ्याच्या सांगण्यावरूनही मी ते पुसणार नाही.

नेट सहा फूट उंच आहे. खिडकीचा वरचा भाग रस्त्यावरून अजून दिसतो. परवा आम्ही पिशव्या घेऊन निघालो तेव्हा भाऊ नेटच्या कडेने डोकावला.

"आता कुटं?"

"महाबळेश्वर."

"टेप घरी ठिवा, दादा."

"न्हाई ठेवणार," मी म्हणालो. भिंत अजून चौदा फूट दहा इंच मोकळी आहे.