पाटावरचा सर्व्हर
झेंडूचा वास आला की अजूनही माझं डोकं सटकतं. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी जुन्या कॉम्प्युटरचा वेब सर्व्हर केला होता. माझी साइट त्याच मशीनवरून चालायची; डेटाबेस, लॉगिन, सगळं रात्रंदिवस खपून एकटीनं बसवलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी गुडगावला मुलाखतीत मोठ्या तोऱ्यात माझ्या साइटचा पत्ता दिला, आणि साइट उघडेचना. समोरचे साहेब "चलो, कोई बात नहीं" म्हणाले आणि त्यांनी माझी फाइल मिटली. बाहेर येऊन घरी फोन केला, तर बाबा खुशीत म्हणाले, "अगं, आज हत्यारं चालवायची नसतात. तुझं मशीन बंद करून पाटावर मांडलंय, मस्त हार घातलाय!" मागे दादाच्या कीबोर्डची खडखड चालली होती. "आणि दादाचा लॅपटॉप?" मी विचारलं. "त्याचं ऑफिसचं काम आहे ना, तो कसा बंद करणार?" घरी पोचताच मी तो हार तोडून फेकला. आई "सणासुदीला असं करतात का?" म्हणत राहिली आणि मी मशीनच्या पंख्यातलं कुंकू पुसत राहिले. आज एका कंपनीचे सगळे सर्व्हर मी सांभाळते, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "हिच्या पहिल्या मशीनची पूजा मीच केली होती."