घागर पोचवायला गेलो

ज्याने देवासमोर तीनदा शपथ घेतली आणि तीनदा मोडली, त्याने देवाच्या कृपेबद्दल लिहावं का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. "तुम्ही लिहा, वाचणाऱ्याला वाटेल ते वाटू दे," असं माझी पत्नी मालन म्हणाली, म्हणून बसलो.

सोलापुरातल्या एका लहान छापखान्यात मी खिळे जुळवतो. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ रचायची, म्हणजे सगळी मदार बोटांवर. आणि सकाळी दारूचा घोट पोटात गेल्याखेरीज माझ्या बोटांचं कापणं थांबत नसे. दुष्काळाच्या वर्षी एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'चि.'च्या जागी मी 'कै.' लावलं. प्रूफही मीच तपासलं होतं. पत्रिका वाटून झाल्यावर चूक उघडकीला आली. मुलाची आई छापखान्याच्या पायरीवर बसून रडली. मालक भला माणूस. आवाज चढवला नाही. "हात नीट झाले की या," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तिसरी शपथ घेतली. ती तीन दिवस टिकली. मग देवाचाच राग आला. मी बळ मागतोय, वाईट तर काही मागत नाही. मग हा देत का नाही?

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मालनला सांगितलं होतं की, दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी काही माणसं दर रविवारी सकाळी पूर्व भागातल्या एका शाळेत जमतात, आपापलं बोलतात. मालनने माझा सदरा धुऊन ठेवला. "जाऊन तर या," म्हणाली. त्या दिवसांत सदऱ्याला पाणी घालवणं ही साधी गोष्ट नव्हती. मी निघालो.

शाळा सापडली, पण फाटकातून आत जायला पाय तयार होईनात. वर्गातून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणी ओळखीचं निघालं तर? एकदा पुढे जाऊन वळलो, पुन्हा पुढे गेलो. शेवटी ठरवलं, परत फिरायचं. परत म्हणजे घरी नव्हे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात शेजारच्या घराच्या ओट्यावरून हाक आली. "ओ दादा, जरा हिकडं या की."

एक म्हातारी भरलेल्या घागरीशेजारी कंबर धरून उभी होती. बोलण्यावरून सांगोल्याकडची वाटली. "एवढी घागर तेवढी पोचवता का? कंबर धरलीया माजी."

"कुठं पोचवायची, आजी?"

"हितं, शाळंत. चार मानसं बसत्यात आत. पानी लागतंय त्यास्नी."

नाही कसं म्हणणार? त्या वर्षी नळावर पहाटेपासून रांगा लागत. कुणी घागरभर पाणी दुसऱ्यासाठी देतंय आणि आपण ते नेऊन द्यायला नकार द्यायचा, एवढा मी अजून बिघडलो नव्हतो. घागर खांद्यावर घेतली आणि ज्या दारातून जायचं धाडस होत नव्हतं, त्यातून पाणी सांडत सांडत आत गेलो.

सात-आठ जण मुलांच्या बाकांवर अवघडून बसले होते. एका पिकल्या मिशीच्या गृहस्थांनी उठून घागर उतरवून घेतली. मी कोण, कशाला आलो, काही विचारलं नाही. "बसा," म्हणाले. मी बसलो. एकेक जण बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात माझंच घर होतं. माझी पाळी आली तेव्हा तोंडून एवढंच निघालं, "माझे हात कापतात."

त्या गृहस्थांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. ते स्थिर होते. "माझेही कापायचे," ते म्हणाले. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

रिकामी घागर परत करताना मी आजींना विचारलं, "मला आत जायचं होतं, हे तुम्हाला कळलं होतं का?"

"मला काय ठावं? कंबर दुकत हुती, तुमी दिसला."

पुढे कळलं, त्यांचा नवरा दारूनेच गेला होता. पाणी द्या म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. एकदा पाय घसरला, तेव्हाही त्याच बाकावर जाऊन सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. मालकांनी कामावर परत घेतलं. आजी म्हणतात तसंच असेल; त्यांची कंबर दुखत होती, मी दिसलो. मला त्यावर वाद घालायचा नाही. एवढंच कळतं की मी देवाकडे बळ मागत होतो, आणि बळ माझं झालं असतं तर मी ते चार दिवसांत उधळलं असतं. त्याने बळ दिलं नाही, माणसं दिली. आता सोमवारी देवळात गेलो की शपथ घेत नाही. "माझ्याच्याने होत नाही, आजचा दिवस तू सांभाळ," एवढंच म्हणतो, आणि मालन बाहेर चपला सांभाळत थांबलेली असते तिकडे जातो.