ठकूमावशी आणि कालव्याचा घाट

ठकूमावशी बचत गटाच्या बैठकीला आली की आधी दार ओढून बघायची. बाहेरची कडी आपोआप पडत नाही ना, याची खात्री झाली की दाराजवळच बूड टेकायची. बायका खिदळायच्या. "हसा, हसा," ती म्हणायची, "कोंडल्यावर मलाच हाका माराल." तरुणपणी ती नवऱ्यासोबत मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत गेली होती. अनोळखी पाण्यात आधी काठी बुडवायची आणि मगच मेंढरं सोडायची, ही तेव्हाची सवय. पुढे नवरा गेला, मेंढरं विकली, सणसरला दीड एकरात ऊस उभा राहिला. सवय काही सुटली नाही.

मी बारामतीच्या एका संस्थेत कामाला होते आणि सणसरचा गट माझ्याकडे होता. आमच्या नियोजनाच्या तक्त्यात 'संभाव्य अडचणी' असा एक रकाना असे. बाकीच्या बायका म्हणत, "लिवा काय बी, ताई." मावशी मात्र हमखास विचारायची, "आन् तसं न्हाय झालं तर?" विधवा बाईने चांगल्या कामाच्या तोंडावर असं बोलावं, हे पुष्कळजणींना खटकायचं. मलाही तिचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू? मी रकान्यात 'नाहीत' लिहून मोकळी व्हायचे.

गटाने कालव्यावर धुण्याचा घाट बांधायला घेतला. पाणी बंद असताना बायकांनी स्वतः दगड वाहिले, पायऱ्या झाल्या. धरायला म्हणून कडेने लोखंडी साखळी लावायची होती. ती भिगवणच्या लोहाराकडे तयार होती, पण कड्या भिंतीत बसवायला दोन दिवस हवे होते. इकडे मार्चअखेर आलेली, उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळालेली आणि दुसऱ्याच दिवशी कालव्याला पाणी सुटणार होतं.

नारळ फुटायच्या आधी मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "साखळी न्हाय तवर घाट पुरा न्हाय. कुणाचा पाय सुटला तर धरायचं काय?"

"ठके, आज तरी त्वांड आवर," आमच्या अध्यक्ष कमळाबाई कडाडल्या. मी मावशीचा दंड धरून तिला बाजूला नेलं. पुढचं पाणी बंद झालं की बसवू, असं सांगितलं. पाहुण्यांनी फीत कापली. त्याच संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, 'काम पूर्ण.'

पाणी सुटल्यावर आठवड्याच्या आत कमळाबाईंची सून सुनीता साबणाने बुळबुळीत झालेल्या पायरीवरून घसरली. काठावरच्या बायकांनी लुगड्याचा पदर फेकला, तो तिच्या हाती लागला नाही. दोन दिवसांनी खालच्या गावाजवळ ती सापडली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या बैठकीत कमळाबाई मावशीकडे बोट दाखवून रडत ओरडल्या, "हिच्या जिभंनं गेली माजी पोर! नारळाच्या टायमाला अभद्र बोलली ही!" एकेक बाई मान डोलावू लागली. हिला गटातून काढा, असं ठरत चाललं. मावशी फक्त माझ्याकडे बघत होती. घाईने उद्घाटन मी करवलं, अहवाल मी लिहिला, एवढंच मला बोलायचं होतं. पण मग संस्थेत कळलं असतं, नोकरीवर आलं असतं. मी हजेरीची वही चाळत बसले. मावशी उठली, चपला हातात घेतल्या आणि गेली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

महिनाभराने कालव्याचं पाणी बंद झालं. सणसरला गेले तर घाटावर मावशी आणि भिगवणचा लोहार. साखळी तिने स्वतः जाऊन आणली होती. लोहार भिंतीत कडी ठोकत होता आणि ती दोन्ही हातांनी साखळी ओढून बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

तिने मान वर केली नाही.

"व्हय," ती म्हणाली, "पायजे हुतं."

आणि लोहाराला म्हणाली, "हलतीय आजून. आवळ."